रास्पबेरी पाय ४ वर रिअलसेन्स डेप्थ कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर बसत नाही : द्राक्षमण्यांच्या मोजमापासाठी मार्गदर्शन हवे

प्रश्न : तासगावहून

नमस्कार. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग असून ऑक्टोबर छाटणीनंतर मणी धरल्यापासून काढणीपर्यंत मण्यांच्या फुगवणीची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. आजवर आम्ही ठरलेल्या वेलींवरचे मणी कॅलिपरने मोजत आलो. परंतु या पद्धतीत हाताला लागतील तेवढेच मणी मोजले जातात, घडाच्या आतल्या बाजूची कल्पना येत नाही, आणि फुगवणीच्या काळात घडाला वारंवार हात लागणेही चांगले नाही. म्हणून डेप्थ कॅमेऱ्याने घडाचे अंतर घ्यायचे, त्याच क्षणी रंगीत छायाचित्र घ्यायचे आणि दोन्हींवरून मण्याची जाडी काढायची, असा विचार आहे. लॅपटॉप घेऊन मांडवाखाली फिरणे अवघड असल्यामुळे हे सर्व एका छोट्या संगणकावर चालावे, अशी इच्छा आहे.

माझ्याकडे रिअलसेन्स डी४३५ कॅमेरा, ४ जीबी मेमरीचा रास्पबेरी पाय ४ आणि त्यावर रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म आवृत्ती आहे. विजेसाठी मोबाइलचा चार्जर आणि कॅमेऱ्यासाठी घरातली एक यूएसबी-सी केबल वापरतो आहे.

अडचणी अशा आहेत. पायथॉनची पॅकेजे बसवणाऱ्या पिपने पायरिअलसेन्स२ (कॅमेरा पायथॉनमधून चालवण्याचे पॅकेज) बसवायला गेलो, तर आधी ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा नकार मिळाला आणि तो ओलांडल्यावर ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड’ असे उत्तर आले. मग लिबरिअलसेन्सचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरचा, मूळ कोड आणून चारही कोअरवर कंपाइल करायला (त्याचा चालणारा प्रोग्रॅम बनवायला) लावला, तेव्हा निम्म्याहून पुढे गेल्यावर ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम’ असे म्हणून कंपायलर बंद पडला. पायथॉनचा भाग वगळून कंपाइल केल्यावर काम पूर्ण झाले, परंतु कॅमेरा कधी सापडतो, कधी सापडत नाही. आणि सापडला तरी थोड्या वेळात ‘फ्रेम डिडन्ट अराइव्ह विदिन ५०००’ असा संदेश येऊन प्रोग्रॅम थांबतो.

इंटरनेटवर काही ठिकाणी कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, पॅच (बदलाचा तुकडा) लावण्याचा सल्ला आहे, तर काही ठिकाणी रास्पबेरी पायचा नाद सोडून उबुंटूचा लॅपटॉप घेण्याचा. यातील कोणता मार्ग धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : सांगलीहून

नमस्कार. तुमच्याकडील साहित्यावर हे काम होते. लॅपटॉप घेण्याची गरज नाही आणि कर्नललाही हात लावण्याची गरज नाही. मात्र तुम्ही सांगितलेल्या सगळ्या अडचणी सॉफ्टवेअरच्या नाहीत. पहिल्या दोन सॉफ्टवेअरच्या आहेत, तिसरी बहुधा वीज आणि केबलची आहे, आणि ती आधी सोडवल्याशिवाय सॉफ्टवेअर नीट बसले की नाही हे तुम्हाला कधीच खात्रीने कळणार नाही. म्हणून क्रम बदलावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

सर्वांत आधी, तुमची ऑपरेटिंग सिस्टीम खरोखर ६४ बिटांची आहे का, हे पाहा. येथे अनेकांची फसगत होते, कारण ‘युनेम -एम’ या आज्ञेचे उत्तर ‘एआर्च६४’ आले की लोक निर्धास्त होतात. रास्पबेरी पाय ओएसच्या ३२ बिट आवृत्तीतही पाय ४ वर २०२३ पासून कर्नल ६४ बिटांचाच सुरू होतो. वरचे सगळे प्रोग्रॅम आणि पायथॉन मात्र ३२ बिटांचे राहतात. त्यामुळे ‘युनेम’ने कर्नलचे खरे सांगितले तरी तुमच्या कामाचे सांगितलेले नसते. ‘डीपीकेजी’ या पॅकेज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला प्रिंट-आर्किटेक्चर या पर्यायासह विचारा. उत्तर ‘आर्म६४’ आले तर पुढे जा. ‘आर्मएचएफ’ आले तर मेमरी कार्डावर ६४ बिटांची आवृत्ती नव्याने टाका आणि मगच पुढचे वाचा. पिपला जुळणारे पॅकेज न सापडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

त्यानंतर वीज. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा पुरवठा लागतो, आणि त्याच्या चारही यूएसबी पोर्टांतून मिळून १.२ अँपिअरच बाहेर देता येतात. मोबाइलच्या चार्जरवर कितीही मोठा आकडा छापलेला असला, तरी त्यातील बरेच चार्जर जास्त वॅट हे जास्त व्होल्टेजवर देतात. ५ व्होल्टला त्यांची क्षमता कमी असते, शिवाय लांब आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेज आणखी उतरते. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड प्रोजेक्टर (डोळ्यांना न दिसणारे ठिपके टाकणारा दिवा) सुरू होतो त्या क्षणी ओढ वाढते आणि कॅमेरा यूएसबी जोडणीवरून गळतो. हे तपासण्यासाठी कॅमेरा चालू असताना ‘व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्या. उत्तर शून्य आले तर वीज ठीक आहे. ‘०एक्स५०००५’ असे काही आले, तर त्याचा अर्थ या क्षणीही व्होल्टेज कमी आहे आणि सुरू केल्यापासून पूर्वीही कमी पडले होते, असा आहे. शेवटच्या अंकाच्या जागी शून्य आणि पुढे ५ असेल, म्हणजे ‘०एक्स५००००’, तर आता ठीक असले तरी मध्ये कधीतरी पडले होते. अधिकृत पुरवठा वापरा. बागेत बॅटरीवर चालवणार असाल, तर ५ व्होल्टला ३ अँपिअर सलग देणारा कन्व्हर्टर घ्या आणि त्यापासून पायपर्यंतची तार शक्य तितकी आखूड व जाड ठेवा.

मग केबल. घरातल्या बहुतेक यूएसबी-सी केबली चार्जिंगसाठी असतात आणि त्यांच्यात यूएसबी २ पुरत्याच तारा असतात. कॅमेरा निळ्या पोर्टात लावून ‘एलएसयूएसबी -टी’ चालवा. कॅमेऱ्याच्या ओळीत ‘५०००एम’ दिसले तर जोडणी यूएसबी ३ ची आहे. ‘४८०एम’ दिसले तर केबल बदला. हा फरक किती मोठा आहे, हे हिशेबाने पाहू. ८४८ बाय ४८० पिक्सेलची खोलीची, म्हणजे डेप्थची, प्रतिमा प्रत्येक पिक्सेलला २ बाइट घेते. सेकंदाला ३० फ्रेम म्हटल्या तर सेकंदाला सुमारे २४.४ एमबी होतात. १२८० बाय ७२० ला हाच आकडा ५५.३ एमबीवर जातो, म्हणजे सेकंदाला ४४२ मेगाबिट, आणि यूएसबी २ ची कागदावरची कमाल मर्यादाच ४८० मेगाबिट आहे. त्यावर रंगीत प्रतिमा चढवली तर जागाच उरत नाही. म्हणून यूएसबी २ वर हा कॅमेरा थोडेच आणि मंद पर्याय देतो, आणि त्यापलीकडचे मागितले तर नकार तरी मिळतो किंवा फ्रेम येत नाहीत.

एवढे झाल्यावर सॉफ्टवेअर. कर्नल पॅचच्या स्क्रिप्ट उबुंटूच्या ठरावीक आवृत्त्यांसाठी लिहिलेल्या आहेत. रास्पबेरी पाय ओएसवर त्या चालवू नका. त्याऐवजी लिबरिअलसेन्सला ‘आरएसयूएसबी’ नावाचा मार्ग आहे, ज्यात कर्नलच्या व्हिडिओ ड्रायव्हरला बाजूला ठेवून लिबयूएसबीच्या आधारे थेट कॅमेऱ्याशी बोलले जाते. कंपाइलची तयारी करणारा सीमेक चालवताना ‘फोर्स_आरएसयूएसबी_बॅकएंड’ हा पर्याय ट्रू करा. एकाच वेळी अनेक कॅमेरे चालवायचे असतील तर हा मार्ग तितका भरवशाचा नाही, पण तुमच्याकडे एकच कॅमेरा असल्यामुळे तो प्रश्न येत नाही. त्याच ओळीत ‘बिल्ड_पायथॉन_बाइंडिंग्ज’ (कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर पायथॉनला जोडणारा भाग) ट्रू, ‘बिल्ड_ग्राफिकल_एक्झाम्पल्स’ फॉल्स आणि बिल्ड टाइप रिलीज असे द्या. खिडक्यांचे प्रोग्रॅम वगळल्यामुळे वेळ वाचतो आणि बागेत त्यांचा उपयोगही नसतो. कोड आणताना विकासाधीन शाखा न घेता प्रसिद्ध झालेली आवृत्ती घ्या. सीमेक चालत असताना काही पूरक भाग इंटरनेटवरून उतरवले जातात, म्हणून तेव्हा जोडणी खंडित होऊ देऊ नका. मधेच तुटल्यास बिल्डचे फोल्डर पूर्ण पुसून पुन्हा सुरुवात करणे हेच सोपे जाते.

कंपायलर बंद पडण्याचे कारण मेमरी आहे. पायथॉन बाइंडिंगच्या फाइली कंपाइल होताना एकेक प्रक्रिया पुष्कळ मेमरी घेते. अशा चार प्रक्रिया एकदम सुरू झाल्या की ४ जीबी पुरत नाही आणि कर्नल त्यातील एक मारून टाकतो. ‘डीफिस-स्वॅपफाइल’च्या सेटिंगमध्ये स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची कार्डावरील जागा) २०४८ एमबी करा, ती सेवा पुन्हा सुरू करा आणि ‘मेक’ला फक्त दोन प्रक्रिया द्या. तासाभराहून अधिक वेळ लागेल. काम झाल्यावर स्वॅप पुन्हा कमी करा, कारण मेमरी कार्डावर सतत लिहिले जाणे कार्डाला मानवत नाही.

आता पिपने दिलेला पहिला नकार. रास्पबेरी पाय ओएस ज्यावर आधारलेली आहे त्या डेबियनच्या १२ पासून, म्हणजे बुकवर्मपासून, सिस्टीमच्या पायथॉनमध्ये पिपने थेट काही बसवू दिले जात नाही, आणि हा नियम तुमच्या संरक्षणासाठी आहे. तो जबरदस्तीने ओलांडण्यापेक्षा स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथॉनची वेगळी जागा) करा आणि सीमेकला ‘पायथॉन_एक्झिक्युटेबल’ म्हणून त्याच एन्व्हायर्नमेंटमधील पायथॉनचा पत्ता द्या. नाहीतर बाइंडिंग एका पायथॉनसाठी तयार होते आणि प्रोग्रॅम दुसऱ्याच पायथॉनने चालवला जातो. इन्स्टॉल केल्यावर ‘एलडीकॉन्फिग’ चालवायला विसरू नका, म्हणजे सिस्टीमला नव्या लायब्ररी सापडतात. पायथॉनमध्ये मॉड्यूल आयात होऊनही ‘पाइपलाइन नावाचे काही नाही’ अशी तक्रार आली, तर पायथॉनने तयार झालेल्या फाइलीऐवजी त्याच नावाचे रिकामे फोल्डर उचललेले असते; तयार झालेल्या ‘.एसओ’ फाइली एन्व्हायर्नमेंटच्या साइट-पॅकेजेसमध्ये नेऊन ठेवल्या की ही तक्रार मिटते.

शेवटी परवानग्या. कोडच्या कॉन्फिग फोल्डरातील ‘९९-रिअलसेन्स-लिबयूएसबी’ ही नियमांची फाइल यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या व्यवस्थेच्या, नियमांत ठेवा, नियम पुन्हा वाचायला सांगा आणि मग कॅमेरा जोडा. हे केले नाही तर कॅमेरा सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, दिसतो आणि साध्या वापरकर्त्याला दिसत नाही.

उत्तर : कराडहून

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. काही गोष्टी जोडतो.

तुम्ही वाचलेले सल्ले परस्परविरोधी वाटतात, याचे कारण ते वेगवेगळ्या काळांतले आहेत. रास्पबेरी पायसाठीच्या जुन्या मार्गदर्शकांत प्रोटोबफ, टीबीबी आणि ओपनसीव्ही हे सर्व पूरक भाग आधी स्वतः कंपाइल करायला सांगितलेले असे. त्यांपैकी एकाचीही आता कॅमेरा चालवण्यासाठी गरज नाही. ओपनसीव्ही तुम्हाला प्रतिमेवर प्रक्रिया करण्यासाठी लागेल, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि ती पिपने एन्व्हायर्नमेंटमध्ये सरळ बसते. इंटेलने २०२१ मध्ये रिअलसेन्सचा व्यवसाय आवरता घेत असल्याचे सांगितले, तेव्हा अनेकांनी हे कॅमेरे बाद झाले असे लिहिले. तथापि दोन भिंगांच्या प्रतिमांवरून अंतर काढणाऱ्या स्टिरिओ कॅमेऱ्यांची मालिका (डी४३५ त्यातलाच) चालू राहिली आणि जुलै २०२५ मध्ये रिअलसेन्स ही स्वतंत्र कंपनी झाली. म्हणून कोणताही लेख वाचताना आधी त्याची तारीख आणि त्यात गृहीत धरलेली ऑपरेटिंग सिस्टीम पाहावी.

बसवून झाल्यावर थेट स्वतःचा प्रोग्रॅम चालवू नका. आधी ‘आरएस-एन्युमरेट-डिव्हायसेस’ चालवा. त्यात कॅमेऱ्याचे नाव, फर्मवेअरची (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि यूएसबीचा प्रकार दिसतो, तेथे ३.२ ऐवजी २.१ दिसले तर पुन्हा केबलकडे वळा. फर्मवेअर खूप जुने असेल तर ते अद्ययावत करावे, मात्र हे काम वीज आणि केबल यांची खात्री झाल्यावरच करावे. त्यानंतर खोलीची एकच प्रतिमा कमी वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ फ्रेमने, काही वेळ सलग घ्या आणि मगच रंगीत प्रतिमा जोडा. दोन्ही एकदम सुरू केल्यावर काही बिघडले, तर कशामुळे बिघडले हे शोधायला दुप्पट कष्ट पडतात.

आरएसयूएसबीच्या मार्गाने कॅमेरा चालू असताना तोच कॅमेरा ओपनसीव्हीच्या व्हिडिओकॅप्चरने उघडता येणार नाही, कारण कर्नलचा ड्रायव्हर बाजूला केलेला असतो. रंगीत प्रतिमादेखील पायरिअलसेन्स२ कडूनच घ्यावी.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करा. पायच्या प्रोसेसरचे तापमान ८० अंशांपुढे गेले की तो स्वतःचा वेग कमी करतो. बंद प्लास्टिकच्या डब्यात, फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी, ही वेळ लवकर येते. छोटा पंखा असलेली पेटी घ्यावी.

प्रश्नकर्ता : तासगावहून

दोघांचेही मनापासून आभार. ‘डीपीकेजी’चे उत्तर ‘आर्मएचएफ’ आले आणि ‘एलएसयूएसबी’मध्ये ‘४८०एम’ दिसले. आता ६४ बिटांची आवृत्ती, अधिकृत वीजपुरवठा आणि यूएसबी ३ ची केबल या तीन बदलांनंतर, आरएसयूएसबीने आणि दोन प्रक्रियांनी कंपाइल केलेले सॉफ्टवेअर व्यवस्थित चालते आहे. ‘५०००एम’ दिसते, ‘थ्रॉटल्ड’चे उत्तर शून्य येते आणि फ्रेम अडत नाहीत.

घरात भिंतीसमोर डेप्थची प्रतिमा उत्तम दिसते. बागेत मात्र घडांवर ठिकठिकाणी काळे डाग, म्हणजे माहिती नसलेले भाग, येतात आणि मण्यांचे आकार एकमेकांत मिसळतात. मांडवाच्या पानांतून ऊन आले की हे जास्त होते. हे सेटिंगने सुधारेल का, आणि मिलिमीटरपर्यंतची जाडी या कॅमेऱ्याने मिळू शकते का?

उत्तर : मिरजेहून

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तराने पहिल्याची धार कमी होते.

डी४३५ च्या खोलीच्या प्रतिमेचा आडवा दृष्टिकोन सुमारे ८७ अंश आहे. घड ६० सेंटिमीटरवर धरला तर त्या अंतरावर चौकटीची रुंदी सुमारे १.१४ मीटर होते, आणि ती ८४८ पिक्सेलांत विभागली की एक पिक्सेल म्हणजे साधारण १.३ मिलिमीटर. १७ मिलिमीटरचा मणी त्यात जेमतेम १३ पिक्सेलांचा असतो, म्हणून खोलीच्या प्रतिमेत मण्याची कड शोधायला जाऊच नये. याउलट रंगीत कॅमेऱ्याचा कोन सुमारे ६९ अंश आणि रुंदी १९२० पिक्सेल असल्यामुळे त्याच अंतरावर एक पिक्सेल सुमारे ०.४३ मिलिमीटरचा होतो. म्हणजे कड रंगीत छायाचित्रातून घ्यावी आणि डेप्थकडून फक्त अंतर घ्यावे.

अंतर किती अचूक हवे? ६० सेंटिमीटरवर अंतरात पूर्ण १ सेंटिमीटरची चूक झाली, तरी जाडीत १.७ टक्के, म्हणजे १७ मिलिमीटरच्या मण्यामागे ०.३ मिलिमीटरचीच चूक होते. स्टिरिओ कॅमेऱ्यातील अंतराची चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६० सेंटिमीटरला अनुकूल प्रकाशात ती एक-दीड मिलिमीटरच्या घरात असते आणि अंतर दुप्पट केले की चौपट होते. तेव्हा जवळ राहिलात, तर तुमच्या कामाला ती पुष्कळ पुरते. फार जवळही जाऊ नका. १२८० बाय ७२० ला सुमारे २८ सेंटिमीटरच्या आत हा कॅमेरा अंतर देत नाही.

डाग येण्याची कारणे तीन आहेत. पहिले ऊन. उन्हातही इन्फ्रारेड असल्याने प्रोजेक्टरचे ठिपके त्यात बुडून जातात आणि कॅमेऱ्याला पृष्ठभागावरच्या नैसर्गिक खुणांवरच विसंबावे लागते. दुसरे, द्राक्षाचा घड स्टिरिओसाठी स्वभावतःच अवघड आहे. डाव्या आणि उजव्या प्रतिमेत एकच बिंदू ओळखायचा असतो आणि येथे शेजारी-शेजारी सारखेच मणी असल्यामुळे एका मण्याची जोडी दुसऱ्याशी लावली जाते. तिसरे, मण्यात पाणी उतरल्यावर तो अंशतः पारदर्शक होतो आणि प्रकाश आत शिरून पसरतो. शेवटच्या कारणाला सेटिंगचा उपाय नाही. पहिल्या दोहोंना आहे, पण तो सेटिंगपेक्षा वेळेचा आहे : सूर्य मावळल्यानंतर, प्रोजेक्टर चालू ठेवून आणि रंगीत छायाचित्रासाठी एक पसरट पांढरा दिवा लावून मोजमाप घ्या. तेव्हा ठिपके स्पष्ट पडतात, मण्यामण्यांतील फरक कॅमेऱ्याला ओळखता येतो, आणि पानांतून येणारे उन्हाचे कवडसेही नसतात. दिवसा घ्यायचेच असेल तर कॅमेरा वर आकाशाकडे न रोखता आडवा धरा आणि ऑटो-एक्स्पोजर (उजेडाची आपोआप जुळणी) ज्या भागावरून ठरते तो भाग घडापुरता मर्यादित करा.

प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी पाळा. माहिती नसलेल्या पिक्सेलची किंमत शून्य येते. अशी शून्ये वगळल्याशिवाय कधीही सरासरी काढू नका, आणि शक्यतो सरासरीऐवजी मध्यक घ्या. होल-फिलिंगचा फिल्टर मात्र बंद ठेवा, कारण तो रिकाम्या जागी शेजारचे अंतर भरतो आणि घडाच्या कडेला मागच्या पानाचे अंतर मण्याला चिकटू शकते. संपूर्ण प्रतिमा रंगीत प्रतिमेशी जुळवण्याचे काम पायच्या प्रोसेसरला जड जाते, त्यामुळे चलचित्र न घेता प्रत्येक घडाच्या थोड्याच फ्रेम घेऊन तेवढ्याच जुळवा. फ्रेम घेताना कॅमेरा स्थिर ठेवा. डी४३५ चा डेप्थ सेन्सर ग्लोबल शटरचा (पूर्ण चित्र एकदम टिपणारा) असला तरी रंगीत सेन्सर रोलिंग शटरचा (ओळीओळीने टिपणारा) आहे आणि चालत-चालत घेतलेल्या छायाचित्रात मणी तिरके होतात.

आणखी एक बारीक दुरुस्ती करावी लागेल. कॅमेरा मण्याच्या पुढच्या पृष्ठभागाचे अंतर देतो, पण छायाचित्रात दिसणारी त्याची कड साधारण मध्याच्या पातळीवर, म्हणजे अर्ध्या जाडीने मागे असते. म्हणून मोजलेल्या अंतरात आठ-साडेआठ मिलिमीटर मिळवून मगच जाडी काढा. नाहीतर प्रत्येक मणी सुमारे १.४ टक्क्यांनी बारीक निघेल. याची पडताळणी सोपी आहे. कॅलिपरने मोजलेल्या मोठ्या गोट्या पांढऱ्या रंगाने रंगवून घडाच्या उंचीवर टांगा, ५०, ६० आणि ७० सेंटिमीटरवरून मोजा, आणि तिन्ही अंतरांवर जाडी एकच येते का ते पाहा. अंतरागणिक जाडी बदलत गेली तर दोष अंतराच्या मोजमापात किंवा कड शोधण्याच्या पद्धतीत असू शकतो. सर्वत्र सारखीच कमी किंवा जास्त आली तर ती ठरावीक चूक हिशेबातच दुरुस्त करता येते, आणि त्यासाठी कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरला पुन्हा हात लावण्याचे कारण नाही.